चोवीस किल्ल्यांची जिवनबाई

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात माझ्या मुलीने डोंगरकड्याजवळच्या एका तांड्यात पंधरा घरांची माहिती घेतली आणि लिहून दिलं, की इथून कोणीही ऊसतोडीला जात नाही. त्या दिवशी त्या तांड्यातली एकसष्टपैकी चोवीस घरं ऊसतोडीला गेलेली होती. त्या चोवीसही घरांच्या किल्ल्या जिच्या कमरेला होत्या ती बाई दोन दिवस आमच्यासोबत दारोदार फिरली, आम्हाला चहा पाजला आणि खरं एका शब्दाने बोलली नाही. तिचं नाव जिवनबाई. तिच्यावर मी काही दिवस फार चिडले होते. आता तिच्यावर चिडता येत नाही, म्हणून बाकी सगळ्यांवर चिडते. त्यात मीही आले.

दिवसा लिहायला सवड नसते आणि रात्री झोप नसते, तेव्हा हे रात्रीचंच लिहिते आहे. कुठे थोडं मागेपुढे झालं तर सांभाळून घ्या.

माझी राणी बी.एस्सी. झाली, संख्याशास्त्र घेऊन. दोन वर्षं हिंगोलीत घरी बसून स्पर्धा परीक्षांचे फॉर्म भरले. मग एका संस्थेकडून कंत्राटी काम मिळालं, सर्वेक्षणाचं. काम असं होतं: आमच्या भागातली कितीतरी घरं दिवाळी झाली की उसाला जातात, ते थेट चैत्राच्या तोंडावर परत येतात. शाळेतली लेकरं सोबत गेली तर वर्ष बुडतं. म्हणून काही गावांत शाळेतच हंगामी वसतिगृह चालतं. मागे राहिलेल्या लेकरांना दोन वेळचं जेवण, संध्याकाळचा अभ्यास आणि निजायला जागा. कोणत्या गावात ते उघडायचं हे आजवर मुख्याध्यापकांच्या यादीवर ठरत होतं. यंदा वरच्यांना वाटलं, की याद्या फुगवलेल्या असतात. तेव्हा वेगळा अभ्यास करायचा. प्रत्येक गावात चिठ्ठीने काही घरं निवडायची, तिथे विचारायचं, आणि शंभरात वीस घरं जात असतील तरच वसतिगृह द्यायचं.

कल्पना वाईट नव्हती, हे मी प्रामाणिकपणे सांगते. बी.ए.ला अर्थशास्त्रासोबत मीही नमुना निवडीचा पेपर दिलेला आहे. भाताचं एक शीत पाहून भात शिजला की नाही कळतं, फक्त ते शीत आपल्या सोयीचं उचललेलं नसावं. राणीला या कामाचा फार अभिमान होता. पण हा अभ्यास सप्टेंबरात व्हायचा होता. प्रशिक्षण ऑक्टोबरात झालं, हातात टॅब आले ते नोव्हेंबर संपताना. तोवर दिवाळी झाली, ट्रक भरून माणसं गेली. जे गेले त्यांची मोजणी ते गेल्यानंतर त्यांच्याच दारात जाऊन करायची, असा हा बेत होता. राणीने प्रशिक्षणात हे विचारलं होतं. तिला सांगण्यात आलं, की घर बंद असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा, तरी बंद असेल तर शेजाऱ्याला विचारा, आणि विचारणा वसतिगृहासाठी आहे हे सांगू नका, लोक आकडा फुगवतात. टॅबमध्ये उत्तरं दोनच होती, होय आणि नाही. घर बंद होतं असं लिहायला जागाच नव्हती.

मुलगी एकटी वाडी-तांडे फिरणार, हे मला पटेना. बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा मीही सोबत जायला लागले. राणी वैतागायची. मी प्रत्येक गावात एका बाईच्या हातात माझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी द्यायचे, की माझ्या लेकराला काही झालं तर मला फोन करा. राणीच्या मैत्रिणी यावर अजून हसतात. त्या तांड्यात ती चिठ्ठी मी जिवनबाईला दिली.

बासष्टीच्या आसपासची, उंच, डाव्या पायाने लंगडणारी बाई. कपाळावर आणि हातांवर गोंदण, अंगावर सुती साडी, फक्त ओढणी जुन्या वळणाची, आरशांची. आम्ही चिठ्ठी काढत होतो तेव्हा ती येऊन उभी राहिली. एक ते चारमधला आकडा काढायचा आणि तिथून दर चौथं घर घ्यायचं. दोन आला. म्हणजे दोन, सहा, दहा, अशी अठ्ठावन्नपर्यंत पंधरा घरं. तिने विचारलं, दोनच का. राणी म्हणाली, मावशी, आपल्या मनाने निवडलं तर आपण जवळची, ओळखीची, दार उघडं असलेली घरं घेतो. चिठ्ठीला ओळखपाळख नसते.

"बरं हाय," जिवनबाई म्हणाली. "आमच्या नायकापरीस चिठ्ठी चांगली."

नायक म्हणजे तांड्याचे पुढारी शंकरसिंग. ते बाजूलाच खाटेवर बसले होते, आणि हसले.

पंधरापैकी नऊ घरांत माणसं भेटली. कोणी उसाला जात नाही, असं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. सहा घरांना कुलूप. डिसेंबरात भर दुपारी कुलूप असणं काही नवल नाही. सगळा शिवार कापूस वेचायला गेलेला असतो. त्या सहाही घरांची अंगणं ताजी सारवलेली होती, दारात पाण्याने भरलेला रांजण, दोरीवर कपडे वाळत घातलेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. पुन्हा कुलूप, पुन्हा दोरीवर कपडे. शेजारी म्हणून विचारलं तर प्रत्येक घराच्या वेळी जिवनबाईच पुढे.

"कापसाला गेलेत."

"मावशी, यांच्याकडचं कोणी उसाला जातं का?"

"न्हाई माय. हितंच असतात."

सहा घरं, सहा वेळा तेच उत्तर. राणीने सहा वेळा 'नाही'वर बोट ठेवलं.

आता मी माझं सांगते. पहिल्या दिवशी दहा नंबरच्या घरापुढे दोरीवर हिरव्या काठाची जांभळी साडी होती. दुसऱ्या दिवशी ती सव्वीस नंबरच्या घरापुढे होती, आणि काठाला त्याच जागी जळाल्याचं तेच भोक. मी ते पाहिलं. पाहिलं आणि वाटलं, डोंगरकड्याच्या बाजारात एकाच गठ्ठ्यातल्या साड्या दोघींनी घेतल्या असतील. भोकाचं काय वाटलं ते आठवत नाही. जिवनबाई चालताना कमरेशी काहीतरी खुळखुळत होतं. मला वाटलं, जुनं चांदीचं काही असेल. मी त्या वेळी राणीची परतीची एसटी चुकेल का, याच विचारात होते. आईची काळजी अशी असते. समोरचं दिसतं आणि डोक्यात शिरत नाही.

एकोणीस डिसेंबरला यादी लागली. तांड्याच्या नावापुढे लिहिलं होतं: स्थलांतर, शेकडा शून्य. वसतिगृह नामंजूर.

एकवीस तारखेला सकाळी मला जिवनबाईचा फोन आला. हिंगोलीच्या बसस्थानकावर उभी आहे, घर कुठं हाय, म्हणून. मी जाऊन घेऊन आले. घरात आल्यावर पाणी दिलं तर घेतलं नाही. राणीकडे बघून म्हणाली, "मॅडमबाई, अठ्ठावीस लेकरं हायेत तांड्यात. तुमी एक बी ठेवलं न्हाई. शून्य कसं लिहिलं, तेवढं मला दाखवा."

ही लेकरं वसतिगृह उघडेपर्यंत म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे निजत होती. त्यांत तिची नात पुजा होती. सातवीत, तांड्यातली वर्गात पहिली येणारी मुलगी. जिवनबाईचा लेक देविदास आणि सून निता उसाला गेले होते आणि पुजाला वसतिगृहाच्या भरवशावर मागे ठेवलं होतं. वसतिगृहात स्वयंपाक दरवर्षी जिवनबाईच करायची. ते उघडलं नाही तर तिलाही पोटासाठी दिवसभर कापसाला जावं लागणार, आणि बारा वर्षांची पोर अर्ध्या ओस पडलेल्या तांड्यात एकटी राहणार. देविदासने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं, वसतिगृह नसेल तर पुजाला इकडे आणतो. इथे ती धाकट्या भावाला सांभाळील आणि मोळ्या बांधील.

राणीने टॅब परत दिला होता, पण प्रत्येक घराचा कागद तिने जपून ठेवला होता. तिने सहा कागद काढले आणि वाचायला लागली. घर क्रमांक दहा, प्रेमसिंग. स्थलांतर नाही. माहिती देणार, जिवनबाई. घर क्रमांक चौदा. माहिती देणार, जिवनबाई. घर क्रमांक सव्वीस. चौथ्या कागदावर देविदासचं नाव आलं. देविदासचं घर तिच्या घराला लागूनच आहे, स्वतंत्र कुलपाचं. घर क्रमांक अडतीस, देविदास. स्थलांतर नाही. माहिती देणार, जिवनबाई.

जिवनबाईने हात वर केला. पुढचे दोन वाचू नको, अशा अर्थाने. मग तिने कमरेची चंची सोडली आणि जमिनीवर ओतली. चोवीस किल्ल्या. प्रत्येकीला वेगळ्या कापडाची चिंधी बांधलेली. लिहिता-वाचता येत नाही तिला. किल्ली कोणाची हे कळावं म्हणून त्या-त्या घरातल्या बाईच्या जुन्या कपड्याची चिंधी. अंधारात बोटांनाही कळते, म्हणाली.

मी चिडून विचारलं, की बाई, खोटं काहून बोललात तुम्ही.

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट तिने सांगितली. ती स्वतः तीस वर्षं ऊस तोडत होती. देविदासचा जन्म कारखान्याच्या तळावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत झाला. पुढे उसाच्या गाडीखाली पाय आला आणि ती घरी राहिली. घरी राहिल्याच्या पहिल्याच हंगामात एक भांडेवाला फेरीला आला. गोड बोलणारा. त्याने सहज विचारलं, या घरचे कुठं गेले. तिने सहज सांगितलं, प्रेमसिंग उसाला गेलाय, चैतात येईल. आठ दिवसांनी प्रेमसिंगचं घर फुटलं. त्याच्या बायकोची सगळी चांदी, पुढच्या पेरणीचं बियाणं, इतकंच काय तर छपराचे पत्रेसुद्धा गेले. कोणी तिला दोष दिला नाही. तिनेच नायकापुढे उभं राहून सांगितलं, की यापुढे सगळ्यांच्या किल्ल्या माझ्याकडे द्या. तेव्हापासून ती रोज चार अंगणं सारवते, सहा दिवसांत चोवीस. रांजण भरते. स्वतःच्या आणि सुनेच्या साड्या आज या दोरीवर, उद्या त्या दोरीवर वाळत घालते. आणि अनोळखी माणसाने काहीही विचारलं तरी उत्तर एकच: कापसाला गेलेत.

"आम्ही काय भांडेवाले होतो?" राणी म्हणाली.

"टॅबवाले व्हतात. घरात किती माणसं, कधी जातात, कधी येतात. त्यो बी हेच इचारत व्हता."

राणीने ते सहा कागद पालथे घातले.

माझे यजमान भीमराज मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, मापाडी आहेत. दुपारी जेवायला आले तेव्हा हे सगळं त्यांच्या कानावर घातलं. ते हात धुता धुता म्हणाले, सोयाबीनच्या पोत्यात आम्ही बंबी खुपसतो, ती लोखंडी नळी, आणि आतला माल हातावर घेऊन बघतो. तोंडाला एकदा, मध्ये एकदा, बुडाला एकदा. तुम्ही पोतं बराबर निवडलं, बंबी बराबर जागी धरली, आणि मग माल बघायच्या ऐवजी पोतं राखणाऱ्याला विचारलं, माल कसा आहे. राणी जेवण अर्धं टाकून उठली. बाप खरं बोलला की तिला असंच होतं.

खरं तर त्या नमुन्याची मला सगळ्यात जास्त चीड येते, कारण तो उत्तम होता. राणीने नंतर हिशेब मांडला. पंधरा घरांत सहा कुलूपबंद, म्हणजे शेकडा चाळीस. आणि अख्ख्या तांड्यात एकसष्टात चोवीस, म्हणजे शेकडा एकोणचाळीस. चिठ्ठीने आपलं काम इतकं चोख केलं होतं. पंधराच दारं ठोठावून सगळा तांडा हातात आला होता. आम्ही त्यावर शून्य लिहून आलो.

राणी म्हणाली, उपाय आहे. त्या सहा घरांचं खरं काय ते जिवनबाईने लेखी द्यायचं, राणीने स्वतः घेतलेली माहिती चुकली असं लिहून द्यायचं, मग फेरतपासणी होईल. जिवनबाई किल्ल्या वेचायला लागली. सहा घरं रिकामी आहेत हे कागदावर जाणार, तो कागद दहा हातांतून फिरणार. राणीने तिला समजवायला आकडे काढले. तिचा स्वभावच तो.

"मावशी, आठ वर्षं, दर वर्षी चोवीस घरं. एकशे ब्याण्णव वेळा घर बंद राहिलं आणि एकदाही चोरी झाली नाही. म्हणजे चोरीची शक्यता किती थोडी आहे बघा."

जिवनबाईने किल्ल्या गोळा करता करता तिच्याकडे पाहिलं. "झाली न्हाई, काहून की मी सांगितलं न्हाई. तू सांगितल्यावर काय हुईल त्याचा हिशेब लावून राहिली. सांगितलं एकदाच. त्या एकदाच चोरी झाली."

राणी लाल झाली. तीन वर्षं संख्याशास्त्र शिकून तिने न सांगितलेल्या वर्षांवरून सांगितलेल्या वर्षाचा अंदाज बांधला होता, आणि शाळेचं तोंड न पाहिलेल्या बाईने ती चूक एका वाक्यात पकडली. मला हसू आलं, आणि त्या हसण्याचा रागही आला.

शेवटी जिवनबाईच म्हणाली, की ज्यांची घरं, त्यांना विचारते. हो म्हणतील त्यांचंच सांगीन.

सहा घरांना विचारायला आठ दिवस गेले. कोणाची टोळी कर्नाटकात, कोणाची सोलापूरकडे, कोणाच्या फोनला रेंज नाही, कोणाच्या फोनचं चार्जिंग मुकादमाच्या ट्रॅक्टरवर. जिवनबाई तांड्यावरून रोज मला फोन करायची आणि आज कोण बोललं ते सांगायची. देविदास पहिल्याच दिवशी हो म्हणाला. हळूहळू पाच जण झाले. सहावा प्रेमसिंग. त्याचा फोन लागला तेव्हा त्याने तिचं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, की एकदा सांगितलं होतं की तू, काकी. फोन ठेवून दिला.

"पाच," तिने मला सांगितलं. "प्रेमसिंगचं मी बोलणार न्हाई."

पंधरात पाच म्हणजे तिसरा हिस्सा. विसाच्या अटीला पुरेसं होतं.

आता राणीने लिहून द्यायचं राहिलं होतं. इथे मी काय केलं तेही लिहिते. मी तिला म्हटलं, नको लिहू. जिवनबाईचं लेखी जाऊ दे, मुख्याध्यापक अर्ज करतील, तू कशाला स्वतःच्या पायावर धोंडा पाडतेस. दोन वर्षांनी मिळालेलं काम. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी त्याच दारांपुढे तिच्या शेजारी उभं राहून दोन दिवस काढले होते हे मला आठवावं. तीस डिसेंबरला तिने लिहून दिलं. पर्यवेक्षकांनी फोनवर सांगितलं, माहिती वर गेली आहे, आता शून्य बदलायचं तर तीन सह्या लागतात. आणि जानेवारीपासून येऊ नको.

तीन सह्या व्हायला एकवीस जानेवारी उजाडली. या मधल्या दिवसांत काय झालं हे त्या तिघांपैकी कोणाला कळलंही नसेल. वसतिगृह नाही म्हटल्यावर आईबाप लेकरं न्यायला लागले. कोणी स्वतः आलं, कोणी कारखान्याकडे जाणाऱ्या ट्रकवाल्याजवळ निरोप दिला. मुख्याध्यापक हातापाया पडायचेच बाकी राहिले होते. पण चैत्रापर्यंत लेकरं कोणाकडे जेवतील आणि कुठे निजतील, हे त्यांनाही सांगता येईना. पुजा आठ जानेवारीला गेली. जाताना पुस्तकं पत्र्याच्या पेटीत घालून तिने कुलूप लावलं आणि किल्ली आजीला दिली. जिवनबाईने तिला पुजाच्या शाळेच्या फ्रॉकची निळी चिंधी बांधली. पंचविसावी.

फेरतपासणीला राणी स्वतःच्या खर्चाने गेली. मीही गेले, कोणी विचारायच्या आधीच. एक अधिकारी होते आणि टॅब घेतलेली नवीन मुलगी, राणीच्याच वयाची. जिवनबाईने पहिल्या घराचं कुलूप उघडण्याआधी गल्लीत दोन्हीकडे बघितलं. आत भांडी पालथी घातलेली, चूल थंड, देवासमोर रिकामी समई. तिने आवाज खाली घेऊन सांगितलं, "हे उसाला गेलेत. नवरा-बायको दोघं. लिहा." दुसऱ्या घरी तेच, तिसऱ्या घरी तेच. प्रत्येक वेळी कुलूप परत लावून ती दोनदा ओढून बघायची. प्रेमसिंगच्या दारापुढे सारवलेलं अंगण होतं आणि दोरीवर हिरव्या काठाची जांभळी साडी.

अधिकाऱ्यांनी विचारलं, हे कुठे आहेत.

"ह्याचं मला इचारू नका."

"मग कोणाला विचारू, बाई?"

"त्यालाच."

त्यांनी मान हलवली आणि पुढे गेले. नवीन मुलीच्या टॅबमध्येही उत्तरं दोनच होती. तिने काय दाबलं ते मला दिसलं नाही.

सगळ्यात शेवटी देविदासचं घर. आत कोपऱ्यात पुजाची पेटी. अधिकाऱ्यांचा पुढचा प्रश्न होता, या घरातली किती मुलं शाळेसाठी गावात राहिली आहेत. वसतिगृहात किती ताटांना मंजुरी मिळणार ते या आकड्यांवर ठरणार होतं.

"एक व्हती," जिवनबाई म्हणाली.

"होती म्हणजे? आहे की नाही?"

तिने पेटीचं कुलूप ओढून बघितलं. मला वाटलं, आता म्हणेल, कापसाला गेलीय. आठ वर्षं हेच वाक्य तिच्या तोंडात होतं, आणि एवढं म्हटलं असतं तरी एक ताट वाढलं असतं. राणीने माझा हात घट्ट धरला.

"आठ तारखेला गेली," जिवनबाई म्हणाली. "शून्य लिहा."

दहा फेब्रुवारीला वसतिगृह उघडलं. अठ्ठावीसांपैकी अकरा लेकरं उरली होती. जिवनबाई त्यांच्या भाकरी करते. पुजा परत येईल तोवर सातवीची परीक्षा तोंडावर आलेली असेल, आणि मुख्याध्यापक म्हणतात, बसू देऊ, बघू. पण खरा संताप मला परवा आला. मंजुरीच्या कागदाची प्रत जिवनबाईने कोणाकडून तरी माझ्या फोनवर पाठवली आणि वाचून दाखवायला सांगितलं. खाली शेरा होता: मुख्याध्यापकांच्या यादीत अठ्ठावीस मुले, प्रत्यक्षात अकरा. याद्या वाढीव असल्याचे दिसते. पुढील वर्षी गरज नव्याने तपासावी.

मी वाचलं. तिने शेरा पुन्हा एकदा वाचायला लावला.

मग ती म्हणाली, "राणीला म्हणा, पुढच्या बारीला दसऱ्याच्या आधी या. तवा सगळे घरी असतात. मी संगं फिरंन, पण मला काही इचारायचं न्हाई. ज्याला त्याला इचारायचं." आणि फोन ठेवता ठेवता, "कुठं हाय ती? दिसून राहिली न्हाई, फोन बी न्हाई."

राणी आतल्या खोलीत होती. दार लावून फॉर्म भरत होती. सतरावा की अठरावा, मी आता मोजत नाही. तिचं काम गेलं हे जिवनबाईला आम्ही कळू दिलेलं नाही. कळलं तर ती त्याचीही एक किल्ली करून कमरेला बांधील.

"कामाला गेलीय," मी म्हटलं.